रंगाखाली

गाडी लिलावात घेतली, मिरजेच्या एका ट्रस्टकडून.
आठ महिने खपून नीरजाने आत
ओटा बसवला, पाण्याची टाकी, घडीचा पलंग,
खिडक्यांना जुन्या इरकलीचे पडदे.
बाहेरून पिस्ता रंगाचे दोन हात.
टपावरचा दिवा मी काढला.
चार भोकं राहिली, ती एम-सीलने बुजवली.

जायचं होतं उदयपूरला.
बडोद्यात फक्त डिझेल आणि दूध.

पण विश्वामित्री चढली, पूल बंद झाले,
आणि दांडिया बाजारात एका बंद दुकानापुढे
आम्ही तीन दिवस मुक्कामाला.
चारातलं एक भोक गळत होतं,
नेमकं चहाच्या पातेल्यात.

चौथ्या दिवशी गाडी काढली, तर लोक वाट देऊ लागले.
रिक्षा बाजूला सरली.
स्कूटरवरच्या बाईने घोटाभर पाण्यात पाय टेकून
आम्हाला जागा करून दिली.
मी म्हटलं, काय सभ्य शहर आहे!

नीरजा उतरली, गाडीच्या पुढे जाऊन बघून आली,
आणि हसावं की काय, अशा चेहऱ्याने मला बोलावलं.
ओल्या पिस्त्यातून वर आली होती
लाल अक्षरं, उलटी,
पुढच्याने आरशात वाचायची.

तेवढ्यात काच वाजली.
काळी छत्री, हातात प्लास्टिकची फाइल.
“मी पागे. आज मंगळवार.
मंगळवार-शुक्रवार माझं रक्त धुतात.
तीन रिक्षावाल्यांनी ना पाडली. तुम्ही घेऊन जाल ने?”

काका, ही आता अँब्युलन्स नाही हो.

त्यांनी आत डोकावून पाहिलं.
“दिसतंय. कांदे लटकवलेत.
पण चाकं तर आहेत ने?”

पलंगावर बसले, छत्री दोन पायांत धरून.
पडदा चिमटीत घेतला, म्हणाले, “इरकल,”
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

पुढे रस्ताच नव्हता.
नुसतं चहाच्या रंगाचं पाणी, त्यात एक तरंगती चप्पल.
मागून आवाज आला, “डावीकडून घ्या.
उजवीकडे चेंबर आहे, झाकण कधीच बसलं नाही त्याचं.
आता सरळ. आता जरा हळू,
इथे उतार आहे, डोळ्यांना कळत नाही.”
चौतीस वर्षं ते म्युनिसिपालिटीत
गटारांचे नकाशे काढत होते.
पाण्याखालचं सगळं शहर त्यांना पाठ,
वरची दुकानं मात्र विचारून घेत होते:
“इथे शिंपी होता. आता काय आहे?”
मोबाइलचं, नीरजा सांगायची.
“आणि इथे?” मोबाइलचंच.

कोठीजवळ गर्दी थबकलेली.
मगर आली आहे, कुणीतरी म्हणालं,
वनखात्याची माणसं दोर घेऊन येतायत.
मी हॉर्नवर हात ठेवला.
“नको,” पागे म्हणाले,
“तिला आधी जाऊ द्या. ती आपल्याआधीची.”
मगर आम्हाला दिसली नाही.
वीस मिनिटं एका न दिसणाऱ्या जनावराला
वाट देत उभे राहिलो. घड्याळ त्यांनी एकदाच पाहिलं.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकाने काही विचारलं नाही.
स्ट्रेचर घेऊन एक पोरगा धावत आला,
दार उघडून बघतो तर गॅस, कुकर,
आणि फाइल सांभाळत स्वतःच उतरणारे पागे.

चार तास लागले.
आम्ही खिचडी लावली. शिट्टी झाली तशी
पलीकडच्या खऱ्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर दचकला,
मग ताटली घेऊन आला.

परतताना पागे पडूनच होते, इरकलीकडे तोंड करून.
उतरताना टोलच्या पावतीमागे
आम्हाला शहराबाहेरचा रस्ता काढून दिला,
गटारं तुटक रेषेने.
पूल गुरुवारी उघडतील, म्हणाले,
आणि गुरुवारी उघडले.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्यांच्या दाराशी.
ऊन कडक. रंग वाळून नुसता पिस्ता.
कुणीही वाट दिली नाही.
रावपुऱ्यातून हॉर्न मारत, शिव्या खात गेलो,
आणि मागे पागे, उठून बसलेले,
“डावीकडून, डावीकडून,” सांगत होते.